तीन नंबरचा पंखा

आ-हूनचं रडणं पेइकांगच्या पंचक्रोशीत नावाजलेलं होतं. कुणाच्या घरी म्हातारं माणूस गेलं की अंगणात मंडप पडायच्या आत तिच्या आईला फोन यायचा, आणि बोलणाऱ्याचं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं: पोरीलाच पाठवा, दुसरी कुणी नको. ही पोरगी आता पंचेचाळिशीला टेकली होती आणि गुडघ्यांना पट्टे बांधून काम करत होती, पण पैसे घेऊन रडायच्या धंद्यात एकदा पडलेलं नाव कोण बदलतो? पांढरा झगा घालून, डोक्यावरचं टोपरं नाकापर्यंत ओढून, हातात माइक धरून ती मंडपाच्या दारापासून शवपेटीपर्यंत गुडघ्यांवर रांगत जायची. परक्या आईसाठी असा गळा काढायची की कोपऱ्यात सुपारी चघळत बसलेले जावईसुद्धा तोंड फिरवून डोळे पुसायचे.

तैपेईतल्या काही जुन्या कॉफीच्या दुकानांत तिच्या आवाजाची सीडी अजून लागते, हे मात्र या गावांतल्या फार थोड्यांना ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांनाही त्याचं विशेष वाटत नसे.

आईनं तिला नवव्या वर्षीच पांढऱ्या झग्यात घातलं होतं. आई गायची, बाप बाजू उघडली की स्टेज होणारी, ऑर्गन आणि दिवे लावलेली गाडी चालवायचा, आणि लहान मुलगी रांगत आली की मंडपाला जास्त हुंदके फुटतात हे दोघांनाही कळून चुकलं होतं. शाळेत पोरं तिला 'रडकी' म्हणून चिडवायची. विशीत ती तैपेईला पळाली. पळाली म्हणजे काय, आईनंच तिला बसस्टँडवर सोडलं आणि प्रवासाला उकडलेले शेंगदाणे बांधून दिले. पण मायलेकी त्या दिवसाबद्दल बोलताना 'पळाली तेव्हा' असंच म्हणत.

तिथं एका लांबच्या नातेवाइकाच्या न्याहारीच्या दुकानात ती तव्यावर अंड्याच्या पोळ्या टाकायची. टाकता टाकता स्वतःशी गायची. रडण्याचा अंशही नसलेलं, सपाट, उंच, ताणलेल्या दोरीसारखं सरळ गाणं. रोज सकाळी एक उंच, हाडकुळी मुलगी यायची, पोळी आणि सोयाचं दूध घ्यायची आणि तव्याजवळच्या स्टुलावर बसून राहायची. ती पेई-शान. तायचुंगच्या डॉक्टरांची मुलगी. संगीताचं कॉलेज तिनं मधेच सोडलं होतं आणि घरी अजून सांगितलं नव्हतं. एक दिवस तिनं विचारलं, गाताना तू श्वास घेतेस कुठं? आ-हूनला वाटलं, गिऱ्हाईक तक्रार करतंय, खाण्यावर तोंड उघडं ठेवून गाते म्हणून. तिनं गुपचूप एक जादा अंडं फोडून दिलं.

गैरसमज दूर व्हायला आठवडा लागला. त्यानंतर दोघी पेई-शानच्या खोलीत गाणी करायला बसू लागल्या. खोली म्हणजे एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर पत्रे ठोकून केलेलं खोकं. उन्हाळ्यात आत पाव भाजला असता. पंखा एकावर लावला तर कीबोर्डवर घाम टपकायचा, तिनावर लावला तर त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये यायची. शेवटी त्यांनी घरघर राहू दिली, आणि जोडीचं नावच ठेवलं 'तीन नंबरचा पंखा'.

पेई-शान चाली बांधायची, कीबोर्ड आणि ड्रम मशीन सांभाळायची. आ-हून शब्द लिहायची, आपल्या घरच्या बोलीत, आणि गायची. गाणी अगदी साध्यासुध्या गोष्टींची. वाळत घातलेला एकच मोजा, जिन्यात अडकलेलं कपाट, चुकून आलेलं परक्याचं विजेचं बिल. पेई-शानचा नियम एकच होता. "तू रडू नकोस," ती म्हणायची, "ऐकणाऱ्याला वाटलं तर तो रडेल. ते त्याचं काम." आ-हूनला तो नियम इतका आवडला की ती खोलीत गात असताना मनातल्या मनात हसत असे. आजवर तिला सगळ्यांनी रडायलाच सांगितलं होतं.

त्यांचं 'कचऱ्याच्या गाडीमागं' हे गाणं चाललं. रोज संध्याकाळी धून वाजवत कचऱ्याची गाडी येते, आख्खी गल्ली पिशव्या घेऊन खाली उतरते. त्या गर्दीत दोन माणसं रोज एकमेकांना बघतात, आणि घरात कचरा नसला तरी काहीतरी शोधून खाली येतात, एवढंच ते गाणं. आ-हून ते अशा कोरड्या आवाजात गायची की ऐकणाऱ्याला आधी हसू यायचं आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत तो हसायचं विसरायचा. विद्यापीठांच्या पोरांनी ते उचललं. तळघरातल्या छोट्या हॉलांतून दोघी गाऊ लागल्या, पाठीवरच्या पिशवीत सीड्या घालून गावोगाव हिंडू लागल्या. एका मोठ्या कंपनीनं सांगून पाहिलं, बोली सोडा, सगळ्या देशाला कळेल अशा भाषेत गा. दोघी त्या ऑफिसातून बाहेर पडल्या, समोरच्या गाडीवर कालवांचं ऑम्लेट खाल्लं, आणि खाऊन होईपर्यंत नकार ठरून गेला. त्यावर चर्चा अशी झालीच नाही.

कॉलेज सोडल्याचं कळल्यापासून पेई-शानची आई मात्र पोरीवर नाराज होती. नाराजी पोरीपाशी आणि काळजी आ-हूनपाशी, अशी तिनं वाटणी केली होती. दुपारी दुकानात फोन करून ती आ-हूनला हळूच विचारायची, जेवते का ती? थंडीत काही घालते का? वर सणाला तायचुंगच्या खुसखुशीत गोल पोळ्यांचा डबा यायचा, त्यावर नाव आ-हूनचं.

सात वर्षं हे सगळं झकास चाललं. मग जपानमधल्या काही छोट्या हॉलांतून बोलावणं आलं, तिकिटं निघाली, आणि निघायच्या आदल्या आठवड्यात आ-हूनच्या बापाला अर्धांगाचा झटका आला.

ती दोन आठवड्यांसाठी म्हणून घरी गेली. बाप अंथरुणात, आईचा गळा वर्षानुवर्षांच्या रडण्यानं बसलेला, आणि महिन्याभराची कामं आधीच घेतलेली. मेलेल्या माणसाच्या घरच्यांना कुणी तारीख पुढं ढकला म्हणून सांगतं का? पहिल्या दिवशी तिनं पांढरा झगा घातला तेव्हा वाटलं, हा आजच्यापुरता. पेई-शाननं फोनवर सांगितलं, जपानचं मी बघते, तू ये तेव्हा ये. तिच्या आवाजात राग नव्हता. आ-हून म्हणाली, येतेच. पुढच्या महिन्यातही तेच म्हणाली. मग फोन कमी झाले, मग फक्त नवीन वर्षाला येऊ लागले, मग कुणाचा नंबर आधी बदलला ते दोघींनाही आठवेना.

कडाक्याचं भांडण झालं असतं तर एक दिवस कुणीतरी मध्यस्थी करून ते मिटवलं असतं. इथं भांडणच झालं नव्हतं, मग मिटवायचं काय? आ-हूननं गाडी चालवायला ठेवलेल्या थ्येन-फाशी लग्न केलं. तो कमी बोलणारा, गाडीला जपणारा, लसणाच्या शेतात वाढलेला माणूस. मूल झालं नाही. बाप गेला तेव्हा त्याच्यासाठी ती स्वतःच रांगली, आणि घरच्या रडण्यात आणि धंद्याच्या रडण्यात फरक काय हे त्या दिवशी तिला कळेनासं झालं. बघता बघता सतरा वर्षं गेली.

मग एका चैत्रातल्या दुपारी आ-हून अंगणात धुतलेले झगे वाळत घालत असताना फाटकाशी एक उंच बाई उभी राहिली. केस आखूड, अर्धे पांढरे, पाठीला कीबोर्डाची लांब पिशवी. झगे मधे असल्यानं आ-हूनला आधी फक्त पाय दिसले, आणि पायांवरूनच तिनं ओळखलं. पेई-शान कायम डावा पाय तिरका टाकून उभी राहायची.

तेवढ्यात आतून आई आली. गळा पार गेला होता तिचा, कुजबुजल्यासारखंच बोलायची, पण बोलायचं कमी केलं नव्हतं.

"वाळलीस," तिनं पेई-शानला वरपासून खालपर्यंत न्याहाळून सांगितलं. "तैपेईत अन्न मिळायचं बंद झालंय का?"

"मिळतं की आ-यी," मावशीला म्हणावं तसं पेई-शान म्हणाली. "तुमच्या हातचं नाही मिळत."

"गोड बोलू नकोस. चप्पल काढ आणि बस."

जेवताना कळलं ते असं. काओश्युंगच्या बंदरात जुन्या गोदामांमध्ये दरवर्षी गाण्यांचा महोत्सव भरतो. तो भरवणारी मंडळी तरुणपणी 'तीन नंबरचा पंखा' ऐकून वाढलेली. त्यांनी पेई-शानला गाठून विचारलं होतं, एकदा, फक्त एकदा, दोघी याल का? पेई-शान इतकी वर्षं जाहिरातींना आणि मालिकांना संगीत देत होती. बिस्किटांच्या, शाम्पूच्या, पावडरीच्या कितीतरी धुना तिच्या होत्या, आणि त्या सगळ्या आ-हूनच्या आईनं टीव्हीवर ऐकल्या होत्या. त्या हिच्या आहेत हे कळून म्हातारी हरखून गेली. शाम्पूची तर तिनं कुजबुजत म्हणूनही दाखवली.

आ-हून म्हणाली की तिला जमायचं नाही. कामं आहेत, गुडघे दुखतात, ऑर्गन वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला नागीण झाली आहे, त्याच्या बदलीचा माणूस शोधायचाय. थ्येन-फा, जो जेवताना कधी बोलत नसे, भाताकडे बघत म्हणाला, "गाडी मी काओश्युंगपर्यंत नेऊ शकतो. टायर नवे आहेत."

यापुढे नकार देणं अवघड होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या गाडीच्या शेडमध्ये तालमीला बसल्या, आणि पहिल्याच गाण्याला घोटाळा झाला. आ-हूननं तोंड उघडलं आणि पहिल्या ओळीच्या शेवटी आवाज आपोआप खाली घसरला, थरथरला, हुंदक्यावर येऊन थांबला. तिनं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. वरची पट्टी केव्हाच गेली होती, त्याचं काही नाही, पेई-शाननं चाल खाली उतरवली. पण तो हुंदका काढायचा कसा? आ-हून दात आवळून गायली, श्वास रोखून गायली, पाठ भिंतीला टेकून गायली. सरळ सूर धरला की तो दोन ओळी टिकायचा आणि तिसरीला गळा सवयीच्या वाटेनं निघून जायचा. कचऱ्याच्या पिशवीबद्दलची ओळ ती अशी म्हणत होती जणू पिशवीत कुणाचं प्रेत आहे.

पेई-शाननं ड्रम मशीन बंद केलं. "आवाजात रडू येतंय," ती शक्य तितक्या हळुवारपणे म्हणाली.

"येणारच. तेच तर करते मी." आ-हून खाली बसली आणि गुडघे चोळू लागली. "तुला जी हवी आहे ती तव्यापाशी उभी राहायची. मी नाही ती."

"मी असं म्हटलं का?"

"तुझ्या मशीननं म्हटलं. टिक टिक टिक टिक. मला धापा लागतात त्याच्यामागं पळताना."

दोघी हसल्या, पण त्या दिवशी तालीम तिथंच संपली. पेई-शान परतीच्या गाडीचं वेळापत्रक बघत बसली आणि आ-हूननं ते पाहिलं.

महोत्सवाचा विषय तिथंच बारगळला असता. पण म्हाताऱ्या ऑर्गनवाल्याची नागीण बरी होईना, बदलीचा माणूस ऐन वेळी चियायीच्या एका लग्नाला गेला, आणि खौहूच्या समुद्रकाठी एका घरी सकाळचं काम ठरलेलं. आईनं पेई-शानसमोर पेजेची वाटी ठेवली आणि सरळ सांगून टाकलं की आज ऑर्गनवर तू बसायचंस. पेई-शान म्हणाली, मला यातलं काही येत नाही. म्हातारी म्हणाली, शाम्पूचं येतं ना, मग हेही येईल. फक्त एक लक्षात ठेव, ठेका धरायचा नाही. पोरगी श्वास घेईल, तू थांबायचंस. ती निघाली की तू निघायचंस. चालताना म्हाताऱ्या माणसाचा हात धरतो ना, तसं.

गेलेली बाई आयुष्यभर कालवं फोडायची. घरासमोर शिंपल्यांचा ढीग छपराएवढा उंच. एकच मुलगा, ताओयुआनच्या कारखान्यात नोकरीला, पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा. तो सगळ्यांना चहा देत फिरत होता, मंडपाच्या दोऱ्या तपासत होता, खुर्च्या सरळ करत होता, म्हणजे शवपेटीकडे बघायचं सोडून सगळं करत होता. असे मुलगे आ-हूनला ओळखू यायचे. तिनं टोपरं ओढलं, गुडघे टेकले आणि निघाली.

आई, मी लांबून आले, असं ते गाणं सुरू होतं. वाट चुकले, उशीर झाला, दार उघड. शब्द ठरलेले, पण प्रत्येक घरी त्यांत त्या घरचं काही घालायचं असतं. आ-हूननं शिंपल्यांचा ढीग घातला. बर्फासारख्या पाण्यात बुडालेली बोटं घातली. पहिल्या काही ओळींना ऑर्गन मागून धक्के देत होता, घाई करत होता, मग हळूहळू थांबायला लागला. तिनं श्वास घेतला की तोही घ्यायचा. अर्ध्या वाटेवर आ-हूनला पाठीमागं कुणी आहे याचा विसर पडला, आणि तिच्या धंद्यात वाजवणाऱ्याला याहून मोठी शाबासकी नाही. शवपेटीपाशी पोचेपर्यंत त्या मुलाच्या हातातली चहाची किटली कुणीतरी काढून घेतली होती, आणि तो लहान पोरासारखा आईला हाका मारत होता.

आणि तेवढ्यात ऑर्गन बंद पडला.

आ-हूननं टोपऱ्याच्या कडेतून मागं पाहिलं. गाडीवरच्या रंगीत दिव्यांमध्ये पेई-शान बसली होती. एक हात ऑर्गनच्या पट्ट्यांवर तसाच, दुसरा तोंडावर, आणि खांदे गदागदा हलत होते. सात वर्षं रोज बरोबर असूनही आ-हूननं तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. तिला सगळं कळलं असं नाही, पण काहीतरी झालंय एवढं कळलं. तिनं साथीशिवायच पुढचं कडवं घेतलं, मग गाण्यात नसलेलं आणखी एक जोडलं, आणि मागून पुन्हा सूर येईपर्यंत आळवत राहिली. घरच्यांना वाटलं, ते तसंच असतं.

काम संपल्यावर दोघी गाडीच्या पायरीवर डबे घेऊन बसल्या. समोर खाडीत कालवांचे बांबू उभे होते. डब्यातला भात चिवडत पेई-शान म्हणाली, "माझी आई गेली. गेल्या हिवाळ्यात."

आ-हूननं जेवायच्या काड्या डब्यावर आडव्या ठेवल्या.

"मी पियानो वाजवला तिथं. फार नीट झालं सगळं. पांढरी फुलं वगैरे. सगळे म्हणाले, किती सुंदर. मला एक टिपूस आला नाही. मला वाटलं, माझ्यात काहीतरी मोडलंय."

"मला का नाही बोलावलंस?"

"काय म्हणून बोलावणार होते? इतक्या वर्षांनी फोन करून सांगू काय, रडायला ये म्हणून?"

"हो," आ-हून म्हणाली. "तेवढंच सांगायचं. मी आले असते. कुणाकुणाच्या आयांसाठी मी रांगते, आणि तुझ्या आईसाठी नको? मला पोळ्या पाठवायची ती." तिचा आवाज चढला होता आणि त्यात धंद्यातला हुंदका कुठंच नव्हता. सरळ, कोरडा, रागावलेला आवाज. "मला फोन करून विचारायची, पेई-शान जेवते का. मी खोटं सांगायचे तिला, जेवते म्हणून. तू नुसत्या नूडल्सवर जगत होतीस."

पेई-शान रडता रडता हसली. मग आ-हूनलाही भरून आलं, आणि दोघी त्या पायरीवर, मांडीवर डबे धरून, चांगल्या पोटभर रडल्या. थ्येन-फा दोऱ्या गुंडाळत होता. तो दोऱ्या घेऊन गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेला आणि त्या पुन्हा एकदा गुंडाळल्या.

परतीच्या वाटेवर पेई-शान म्हणाली की आपण उलट बाजूनं सुरुवात केली. जुनं गाणं होतं तसं आणायला गेलो, म्हणून गळा वैरी वाटला. तिनं शेडमध्ये परत कीबोर्ड मांडला आणि ड्रम मशीन पेटीत ठेवून दिलं. 'कचऱ्याच्या गाडीमागं' तिनं नव्यानं बांधलं. पहिलं कडवं अगदी कोरडं, दोन ओळींपुरता सरळ सूर आ-हूनला अजून जमत होताच. मग गळ्याला जिथं जायचं तिथं जाऊ द्यायचं आणि कीबोर्डनं थांबायचं. दोन माणसं कचऱ्याच्या निमित्तानं भेटायची, ती आता म्हातारी झाली आहेत असं समजून गा, एवढंच तिनं सांगितलं. आ-हूननं शेवटच्या कडव्यात एकच शब्द बदलला. आधी तिथं 'उद्या' होतं, तिनं 'अजून' केलं. पेई-शाननं मान हलवली. तो शब्द बरोबर बसला होता.

महोत्सवाला सगळे थ्येन-फाच्या गाडीनं गेले. आईनं प्लॅस्टिकचं स्वतःचं स्टूल बरोबर घेतलं, कारण तरुण लोक उभ्यानंच ऐकतात असं तिनं टीव्हीवर पाहिलं होतं. त्यांचं गाणं दुपार कलताना, मधल्या गोदामात. त्याच वेळी बाहेरच्या मोठ्या स्टेजवर एक फार गाजलेली मंडळी होती, त्यामुळे गोदाम अर्धंच भरलं. पुढं पस्तिशी-चाळिशीतली माणसं, कुणाच्या कडेवर पोर. मागं नुसती सावली शोधत आलेली कॉलेजची मुलं.

पेई-शाननं पहिला सूर धरला. लांब, सरळ, ऑर्गनसारखा. आणि आ-हूनचे गुडघे वाकले. विचार करायच्या आत ती स्टेजवर, एवढ्या लोकांसमोर, दोन्ही गुडघ्यांवर उतरली होती. सवयच ती. तिला स्वतःलाच कळेना की आता उठावं कसं.

पेई-शाननं सूर न सोडता माइककडे तोंड नेलं. "ऊठ," ती शांतपणे म्हणाली. "इथं अजून कुणी गेलेलं नाही."

गोदाम हसलं. आ-हून कीबोर्डाच्या पायाला धरून उठली, आणि उठताना इतकी हसत होती की पहिली ओळ तिला दोनदा सुरू करावी लागली. त्या हसण्यानंच बहुधा गळा मोकळा झाला. सरळ सूर दोन ओळींच्या जागी पूर्ण कडवंभर टिकला. मग तो घसरला, आणि पेई-शान थांबली, आणि अर्ध्या गोदामानं त्या थांबण्यात श्वास घेतल्याचा आवाज आला. पुढची माणसं ओठ हलवत होती, पण जुन्या चालीच्या वेगानं. ती पुढं निघून जायची आणि मग आ-हूनसाठी थांबायची. मागची काही मुलं मधेच उठून मोठ्या स्टेजकडे गेली. काही राहिली. त्यांतली एक मुलगी, कानात पाचसहा बाळ्या घातलेली, शेवटच्या कडव्याला भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आणि आ-हूननं तिच्या पाठीवरूनच ओळखलं की ती रडते आहे.

बाहेर आल्यावर आईनं निकाल दिला. "शेवटचं बरं झालं. मधलं ते मोज्याचं गाणं मला कळलं नाही. एका मोज्याला एवढं काय?"

त्यानंतर काही मोठं घडलं असं नाही. गाण्याचं कुणीतरी केलेलं चित्रण पुष्कळ लोकांनी पाहिलं, चार ठिकाणांहून बोलावणी आली. आ-हूननं त्यांतली दोन घेतली, उरलेल्या दिवशी कामं होती. तैपेईला परत जायचा विषय तिनं काढला नाही, पेई-शाननंही काढला नाही. तिनंच पेइकांगला देवळामागच्या गल्लीत, तेलाच्या घाण्यावरची एक खोली घेतली. महिन्यातले दहाबारा दिवस ती तिथं राहू लागली. जाहिरातींच्या धुना तिथूनही बनत होत्या. ऑर्गनवाला बरा होऊन कामावर आला, पण म्हाताऱ्याला लांबच्या गावी जायचा कंटाळा, त्यामुळे समुद्रकाठची घरं आपोआप पेई-शानकडे आली. गावच्या लोकांनी तिला 'थांबणारी बाई' असं नाव पाडलं. कारण तिच्यासारखं थांबून वाजवणारं तिकडं आधी कुणी नव्हतं.

पितरांच्या सणाला दोघी तायचुंगला गेल्या. तिथं अस्थी ठेवायच्या इमारतीत, थंड, चकचकीत, कप्प्याकप्प्यांच्या भिंतीसमोर आ-हून उभी राहिली. मोठ्यानं गाणं तिथं चालत नव्हतं, तशी पाटीच होती. तिनं पेई-शानच्या आईच्या कप्प्याजवळ तोंड नेलं आणि कुजबुजत, आपल्या आईच्या आवाजात बोलावं तशी, पेई-शान आता काय काय जेवते ते सांगितलं. भात दोनदा. मासा. भाजी नको म्हणते, पण माझी आई तिला खायला लावते. या खेपेला त्यात काही खोटं नव्हतं.

नवी सीडी त्यांनी शेडमध्येच केली. गाडीचं इंजिन थंड होताना टिकटिक वाजतं ते एका गाण्यात आलं आहे, आणि दुसऱ्यात शेजारच्या कोंबड्या. सगळ्यात शेवटचं गाणं चालू असताना आई दार ढकलून आत आली. पेई-शाननं बोट ओठांवर ठेवलं, पण म्हातारीला चष्म्याशिवाय ते दिसलं नाही.

"पुरे झालं," ती तिच्या त्या फाटक्या कुजबुजीत म्हणाली. "शेवया चिकटून गोळा होतील."

पेई-शाननं रेकॉर्डर बंद केला आणि झालेलं गाणं पुन्हा सुरुवातीपासून ऐकलं. आ-हूननं विचारलं, परत घ्यायचं का? पेई-शान म्हणाली की आवाज छान आलाय, आ-यींचा, राहू दे. मग दोघी जेवायला गेल्या.